पडलेला धावपटू आणि पहिली तीन मिनिटं

तेलंगणातल्या पोस्टिंगवर असताना आमच्या कॅन्टोन्मेंटमध्ये एका रविवारी हाफ मॅरेथॉन होती. जवान, त्यांची कुटुंबं, माजी सैनिक आणि शहरातले हौशी धावपटू मिळून हजारेक माणसं जमली होती. माझी ड्यूटी शेवटच्या वळणावर, मार्शल म्हणून. तिथून फिनिश लाइन तीनशे मीटरवर होती आणि पाइप बँडचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

सव्वाआठच्या सुमारास एक निवृत्त सुभेदार साहेब वळणावर आले. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगकाठी सडपातळ, चाल अजून परेड ग्राउंडवरची. बँड ऐकून त्यांनी वेग वाढवला. मी टाळ्या वाजवल्या, "शाबास साहेब" म्हणून ओरडलो. वीस-पंचवीस पावलं गेले असतील, आणि ते तोंडावर कोसळले. सावरायला हातसुद्धा पुढे आले नाहीत.

आम्ही धावलो. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी पाय वर धरले, कुणी तळवे चोळले. हातापायांना दोन-चार झटके आले, तेव्हा एकजण म्हणाला, फिट आली आहे. गळ्यातून घरघर येत होती. ती ऐकून दुसरा म्हणाला, "साँस चल रही है, हवा आने दो." आम्हा सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. अ‍ॅम्ब्युलन्स फिनिश लाइनच्या पलीकडे, गर्दीच्या मागे उभी होती. नर्सिंग असिस्टंट पोचला, त्याने मानेला बोटं लावली आणि काही न बोलता छाती दाबायला सुरुवात केली. तोवर पाच-सहा मिनिटं गेली होती. साहेब परत आले नाहीत.

मी डॉक्टर नाही. पण त्या दिवसानंतर जमेल तेव्हा या विषयावर वाचत राहिलो. आपण तिथे उभे होतो, दोन हात मोकळे होते, मग नेमकं काय चुकलं, एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधताना एक मोठा इतिहास हाती लागला. त्यात सैनिकही बरेच भेटले. तोच इतिहास आज इथे मांडतो आहे.

कथेतला मेलेला शिपाई

मॅरेथॉनची सुरुवातच एका मृत्यूच्या गोष्टीने होते. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या फौजेने इराणी सैन्याचा पराभव केला, एक शिपाई ती खबर घेऊन अथेन्सपर्यंत धावला, "आपण जिंकलो" म्हणाला आणि जागीच मेला, असं आपण ऐकत आलो आहोत. पण या लढाईनंतर साधारण अर्ध्या शतकाने लिहिणाऱ्या हिरोडोटसकडे ही गोष्टच नाही. त्याचा धावपटू लढाईच्या आधी मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर धावतो. तो मेल्याचा उल्लेख नाही. खबर देऊन मरणारा शिपाई येतो तो पाचशेहून जास्त वर्षांनी, प्लुटार्क आणि ल्युशियन यांच्या लिखाणात. १८७९ मध्ये रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीने दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, आणि १८९६ मध्ये अथेन्सच्या पहिल्या ऑलिम्पिकमध्ये या कथेवरून शर्यत सुरू झाली.

आपल्याला, विशेषतः गणवेशातल्या माणसाला, ही गोष्ट आवडते. काम पुरं केलं आणि प्राण सोडला. पण या कौतुकाचा एक तोटा झाला. धावताना माणूस मेला तर ते एक प्रकारचं वीरमरण ठरलं, आणि तो का पडला, त्याला वाचवता आलं असतं का, हे प्रश्न फार उशिरा विचारले गेले.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मॅरेथॉन धावताना पडला आणि दुसऱ्या दिवशी वारला. आधुनिक ऑलिम्पिकच्या स्पर्धेत मरण पावलेला तो पहिला खेळाडू. उन्हापासून बचाव म्हणून त्याने अंगाला मेण चोपडलं होतं. त्यामुळे घाम बाहेर पडायची वाटच बंद झाली, असं त्याच्या मृत्यूचं कारण सांगितलं जातं.

लाझारोची गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण शर्यतीत पडणारा प्रत्येकजण हृदय बंद पडून पडत नाही. उष्माघात हा दुसरा मोठा शत्रू आहे, आणि त्याच्याशी लढायचं तंत्र फौजेतूनच आलं. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या पॅरिस आयलंड इथल्या मरीन भरती प्रशिक्षण केंद्रात उन्हाने रंगरूट कोसळत होते. तेव्हा नुसतं तापमान न बघता दमटपणा, ऊन आणि वारा यांचा एकत्रित आकडा काढायची पद्धत यॅग्लू आणि मिनार्ड यांनी १९५७ मध्ये मांडली. त्या आकड्याप्रमाणे मैदानावर रंगीत झेंडे लागू लागले आणि झेंडा बघून पीटी कमी करायची की थांबवायची ते ठरू लागलं. आज मोठ्या शर्यतींच्या मार्गावर हिरवा, पिवळा, लाल आणि काळा झेंडा दिसतो, त्याचं मूळ या परेड ग्राउंडवर आहे.

उष्माघाताचा उपायही तितकाच साधा ठरला. अंग भाजतं आहे, बरळतो आहे, पण नाडी चालू आहे, अशा माणसाला आधी बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवायचं आणि नंतर हॉस्पिटलला न्यायचं. अमेरिकेतल्या फॅल्माउथ इथे ऑगस्टच्या उन्हात सात मैलांची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ धावपटूंवर असे उपचार झाले आणि त्यातला एकही दगावला नाही.

सुभेदार साहेबांचं तसं नव्हतं. त्यांची नाडी थांबली होती.

"धावणाऱ्याला काही होत नाही"

आपल्याकडे अजून ऐकू येणारं हे वाक्य एके काळी वैद्यकीय सिद्धान्त म्हणून मांडलं गेलं होतं. १९७० च्या दशकात टॉमस बॅसलर या कॅलिफोर्नियातल्या पॅथॉलॉजिस्टने दावा केला, की सिगरेट न ओढणारा जो माणूस चार तासांच्या आत मॅरेथॉन पुरी करतो, त्याला हृदयाच्या धमन्या तुंबून मरण येत नाही. त्या काळात अमेरिकेत धावण्याची लाट आली होती. लोकांना हे ऐकायचंच होतं.

त्याला उत्तर आलं दक्षिण आफ्रिकेतून. तिथे पीटरमारिट्झबर्ग आणि डर्बन या शहरांमध्ये सुमारे ९० किलोमीटरची 'कॉम्रेड्स' ही शर्यत होते. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर पायपीट केलेल्या व्हिक क्लॅपम या सैनिकाने आपल्या साथीदारांच्या स्मरणार्थ ती १९२१ मध्ये सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण धावले, १६ जणांनी ती पुरी केली. त्याच देशातले डॉक्टर टिम नोक्स स्वतः लांब पल्ल्याचे धावपटू. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मॅरेथॉन धावणाऱ्या काही माणसांचे शवविच्छेदन अहवाल प्रसिद्ध केले. त्यांच्या धमन्या तुंबलेल्या होत्या. बॅसलरच्या दाव्यातली हवा तिथेच निघाली.

लोकांपर्यंत ही गोष्ट पोचली ती मात्र पाच वर्षांनी. जिम फिक्स हा 'द कम्प्लीट बुक ऑफ रनिंग' या १९७७ च्या गाजलेल्या पुस्तकाचा लेखक. लाखो अमेरिकन लोक त्याचं पुस्तक वाचून धावायला लागले. २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँटमध्ये रस्त्यावर धावताना तो मेला. वय ५२. धमन्या जवळजवळ बंद झालेल्या निघाल्या. धावणं वाईट, असा निष्कर्ष काहींनी लगेच काढला. पण पूर्ण चित्र बघा. फिक्सचे वडील ४३ व्या वर्षी हृदयविकाराने गेले होते. तो स्वतः पस्तिशीपर्यंत भरपूर सिगरेट ओढणारा आणि वजनदार माणूस होता. धावण्याने त्याला बहुधा वडिलांपेक्षा जास्त आयुष्य दिलं. पण जुना हिशेब धावण्याने पुसला गेला नाही.

या गोष्टीत आपल्या ओळखीचं एक नाव येतं. अमेरिकन हवाई दलात डॉक्टर असलेल्या केनेथ कूपरने १९६८ मध्ये बारा मिनिटांची धाव-चाचणी लोकप्रिय केली. त्याच्याच चाचणीचा दुसरा प्रकार म्हणजे दीड मैलाची, म्हणजे २.४ किलोमीटरची धाव. आपल्या पीपीटीतलं अंतर आठवलं ना? या कूपरने फिक्सला आपल्या क्लिनिकमध्ये ट्रेडमिलवर हृदयाची चाचणी करून घ्यायला सांगितलं होतं. फिक्सने ती करून घेतली नाही.

माजी सैनिक बंधूंनो, इथे जरा थांबा. आपल्यापैकी कितीजण "मला कशाला चाचणी, मी बीपीईटीत कायम एक्सलंट होतो" असं म्हणतात? ते एक्सलंट पंचविसाव्या वर्षीचं होतं. त्यानंतर पेन्शन आली, दुसरी नोकरी आली, रात्रपाळी आली, साखर आली, बीपी आलं. 'इंटरहार्ट' नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचं दिसलं. इतर देशांत तेच वय ५९ च्या आसपास होतं. आपल्या लोकांकडे धमन्यांचा हिशेब पाच-सहा वर्षं आधी येतो.

थांबलेलं हृदय

हृदयविकाराचा झटका आणि कार्डिॲक अरेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मलाही आधी माहीत नव्हतं. झटका म्हणजे धमनी तुंबून हृदयाच्या एका भागाचा रक्तपुरवठा थांबणं. माणूस शुद्धीवर असतो, छाती धरतो, घाम येतो. अरेस्ट म्हणजे हृदयाचं रक्त फेकण्याचं कामच बंद होणं. बहुतेक वेळा त्याआधी हृदयाची वीजव्यवस्था बिघडते आणि ते ठोके द्यायचं सोडून नुसतं थरथरत राहतं. मेंदूचं रक्त थांबतं आणि माणूस काही सेकंदांत खाली येतो. झटक्यामुळे अरेस्ट होऊ शकतो. जन्मतः जाड असलेल्या हृदयाच्या स्नायूमुळे किंवा धमनीच्या जन्मजात दोषामुळे तरुण पोरालाही होऊ शकतो.

मेंदू कायमचा खराब व्हायला चार-पाच मिनिटं पुरतात. काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणजे त्या वळणावर पाणी मारण्यात आणि तळवे चोळण्यात आम्ही साहेबांच्या हातातली अर्धी संधी घालवली होती.

थरथरणारं हृदय विजेच्या धक्क्याने पुन्हा ठोक्यावर येतं, हे क्लॉड बेक या सर्जनने १९४७ मध्ये छाती उघडून दाखवलं. छाती न उघडता शॉक देणं पॉल झोलने १९५६ मध्ये साधलं. मग बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये एक योगायोग घडला. विल्यम कौवेनहोव्हन हे डॉक्टर नव्हते, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. शॉक देण्याच्या यंत्रावर कुत्र्यांवर प्रयोग चालू असताना, यंत्राच्या जड पट्ट्या छातीवर दाबल्या की रक्तदाब थोडा वर जातो, हे त्यांच्या तरुण सहकारी निकरबॉकरच्या लक्षात आलं. सर्जन जूड त्यांना मिळाला. १९६० मध्ये तिघांनी मिळून सांगितलं, की नुसत्या दोन हातांनी छाती दाबून रक्त फिरतं ठेवता येतं. तोवर थांबलेल्या हृदयासाठी छाती फाडून हृदय हातात धरावं लागे. आता ते काम रस्त्यावर, कुणालाही करता येणार होतं.

यानंतरचा माणूस आपल्या पठडीतला आहे. फ्रँक पँट्रिज हा उत्तर आयर्लंडचा डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश फौजेच्या वैद्यकीय कोअरमध्ये होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा हजारो हिंदी जवानांबरोबर तोही जपान्यांच्या कैदेत गेला. सयाम-बर्मा रेल्वेच्या छावण्यांमध्ये उपासमारीने त्याला हृदयाचा बेरीबेरी झाला. बहुतेकजण त्यातून वाचत नसत, हा वाचला. मिलिटरी क्रॉस मिळालेला हा माणूस घरी आला आणि पुढे हृदयाचाच डॉक्टर झाला.

बेलफास्टच्या हॉस्पिटलमध्ये पँट्रिजच्या लक्षात आलं, की हृदयविकाराने मरणारे बहुतेक लोक पहिल्या तासाभरातच, हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोचण्याआधी मरतात. वॉर्डात कितीही चांगली यंत्रं ठेवली तरी ती चुकीच्या ठिकाणी होती. म्हणून १९६५ मध्ये त्याने गाडीच्या बॅटरीवर चालणारं शॉकचं यंत्र बनवून घेतलं. वजन सुमारे ७० किलो, म्हणजे एक पूर्ण माणूस. ते अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालून १९६६ च्या सुरुवातीपासून तो रोग्याकडे जाऊ लागला. काही वर्षांतच तसं यंत्र तीन किलोपर्यंत खाली आलं. जखमीला मागे आणेपर्यंत थांबायचं नाही, मदत पुढे न्यायची, हे फौजी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

पुढची पायरी म्हणजे डॉक्टरचीच गरज काढून टाकणं. यंत्र स्वतः हृदयाची लय वाचू लागलं, शॉक द्यायचा की नाही ते स्वतः ठरवू लागलं आणि बोलून सूचना देऊ लागलं. हेच आजचं एईडी. अमेरिकेतल्या जुगारघरांच्या सुरक्षारक्षकांना ते चालवायला शिकवलं गेलं आणि २००० मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. पडल्यापासून तीन मिनिटांच्या आत शॉक मिळालेल्यांपैकी ७४ टक्के लोक जगून घरी गेले. तीन मिनिटांनंतर शॉक मिळालेल्यांत ४९ टक्के. हे काम गेटवरच्या गार्डने केलं होतं.

शर्यतींचा हिशेब

आता शर्यतींकडे येऊ. धावणं धोक्याचं आहे का? अमेरिकेतल्या मोठ्या मॅरेथॉन शर्यतींच्या तीस वर्षांच्या नोंदी २००७ मध्ये तपासल्या गेल्या. सुमारे ३३ लाख धावपटूंमध्ये २६ जण अचानक हृदय थांबून मेले होते. त्याच अभ्यासाने आणखी एक हिशेब मांडला. शर्यतीसाठी रस्ते बंद ठेवल्यामुळे त्या दिवसांत वाहन अपघातातले सुमारे ४६ मृत्यू टळले असावेत. पण त्या २६ पैकी जवळजवळ निम्मे मृत्यू शेवटच्या मैलात झाले होते. हे वाचलं तेव्हा मला आमचा बँड आठवला, आणि माझ्या टाळ्याही.

२०१२ मध्ये आणखी मोठा अभ्यास आला. २००० ते २०१० या काळात अमेरिकेत मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावलेले सुमारे १ कोटी ९ लाख लोक. त्यात ५९ अरेस्ट, त्यातले ४२ मृत्यू. सरासरी वय ४२. पुरुषांमध्ये प्रमाण स्त्रियांच्या पाचपटीहून जास्त, आणि पूर्ण मॅरेथॉनमध्ये हाफच्या सुमारे चौपट. कोण जगलं यामागची दोन मोठी कारणं दिसली. एक, हृदयाच्या स्नायूचा जन्मजात आजार नसणं. दुसरं, जवळच्या माणसाने लगेच छाती दाबायला सुरुवात करणं. पहिलं आपल्या हातात नाही, दुसरं आहे.

त्याच अभ्यासाचा पुढचा भाग २०२५ मध्ये आला. २०१० ते २०२३, सुमारे २ कोटी ९३ लाख धावपटू, १७६ अरेस्ट. लाखामागे अरेस्टचं प्रमाण जवळजवळ होतं तेवढंच राहिलं. पण अरेस्ट झालेल्यांपैकी मरणाऱ्यांचं प्रमाण ७१ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर आलं. धावपटूंची हृदयं काही सुधारली नव्हती. त्यांच्या आसपास उभी असलेली माणसं सुधारली होती. छाती दाबणारे वाढले आणि एईडी जवळ आलं.

टोकियोत हे लवकर ओळखलं गेलं. जपानने २००४ मध्ये सामान्य नागरिकाला एईडी वापरायची मोकळीक दिली. २००७ मध्ये सुरू झालेल्या टोकियो मॅरेथॉनमध्ये सायकलवर एईडी घेऊन फिरणाऱ्या तुकड्या ठेवल्या जातात, कारण बंद रस्त्यावर आणि गर्दीत सायकल अ‍ॅम्ब्युलन्सच्या आधी पोचते. २००९ मध्ये तिथे एक प्रसिद्ध विनोदी कलाकार धावताना कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. मार्गावरच त्याला शॉक मिळाला आणि तो जगला.

आधीच ओळखता येईल का?

पडण्याआधीच अशा माणसाला बाजूला काढता आलं तर उत्तमच. पण इथे उत्तर सरळ नाही. इटलीने १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. व्हेनेतो प्रांतात पुढच्या दोन दशकांत तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू ८९ टक्क्यांनी घटले. इस्रायलने १९९७ मध्ये तशीच सक्ती केली, तिथे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत फरक दिसला नाही. अमेरिकन फौजेत १९७७ ते २००१ या काळात भरती झालेल्या ६३ लाख रंगरुटांमध्ये इजेशिवाय झालेले १२६ अचानक मृत्यू तपासले गेले. त्यातले ८६ टक्के मेहनत करतानाचे होते. ही सगळी पोरं भरतीची वैद्यकीय तपासणी पास होऊन आलेली होती. मेडिकल पास झालो म्हणजे झालं, असं नसतं.

तरीही काही गोष्टी साध्या आहेत. चाळिशीनंतर नव्याने पळायला लागत असाल, किंवा मधुमेह, रक्तदाब, तंबाखू-सिगरेट यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. वडील किंवा भाऊ कमी वयात हृदयविकाराने गेले असतील तर ते त्यांना मुद्दाम सांगा. धावताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीच्या वेगालाच विचित्र दम, यांतलं काही आलं तर थांबा. ॲसिडिटी म्हणून पुढे जाऊ नका. ताप अंगात असताना पळू नका. आणि शेवटच्या तीनशे मीटरला बँड ऐकून सुसाट सुटू नका. सवय नसलेली अंतिम धाव दमलेल्या हृदयावरचा सगळ्यात मोठा बोजा असते.

यातलं मागे पडून चालणं फौजी माणसाला सगळ्यात जड जातं. रूट मार्चमध्ये मागे पडणं म्हणजे लाज, हे आपल्या हाडात मुरलेलं असतं. पण रविवारच्या शर्यतीत तुमच्यामागे कोणतीही प्लाटून अडकलेली नसते.

आपल्याकडे

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची. मुंबईची २००४ पासून. त्यानंतर दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद, सातारा, अगदी लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या ठिकाणीही शर्यती सुरू झाल्या. लेहला पोचल्यावर फौज आपल्या माणसाला सहा दिवस सवय करून घ्यायला लावते. हौशी धावपटूनेही तो नियम पाळलेला बरा. २०२४ च्या जानेवारीत मुंबईत एकाच दिवशी दोन धावपटू गेले. दर वर्षी कुठून ना कुठून अशी बातमी येते, दोन दिवस धावण्याच्या विरोधात चर्चा होते, आणि शेजारच्या माणसाने काय केलं हा प्रश्न विचारलाच जात नाही.

आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने सामान्य माणसासाठी सोपी पद्धत ठरवली गेली आहे. त्यात तोंडाने श्वास द्यायचा नाही, फक्त छाती दाबायची. मी ती शिकलो, ती अशी. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही आणि नीट श्वास नाही, तर अरेस्ट समजा. अधूनमधून येणारी घरघर किंवा उचकीसारखा घोट म्हणजे श्वास नव्हे. हातापायांचे दोन-चार झटके म्हणजे फिट असेलच असं नाही. एकाला नाव घेऊन १०८ किंवा ११२ ला फोन करायला सांगा, दुसऱ्याला एईडी आणायला पाठवा. छातीच्या मधोमध, हाडावर, एका हातावर दुसरा हात ठेवून कोपर न वाकवता दाबा. किमान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांत दम लागतो, तेव्हा माणूस बदला. एईडी आलं की चालू करा आणि ते सांगेल तसं करा. बरगडी मोडेल का, ही भीती सोडा. बरगडी जुळते.

फौजेत आपण बडी पेअर शिकतो. गोळी लागली तर पहिली पट्टी बांधणारा आरएमओ नसतो, बडी असतो. युनिटमध्ये बॅटल फील्ड नर्सिंग असिस्टंट म्हणून जवान तयार केले जातात ते याचसाठी. मोर्चावर जे आपण मानतो, ते रविवारच्या शर्यतीत आम्ही विसरलो होतो. साहेबांभोवती दहा-बारा जवान होते, आणि त्यांच्यापैकी एकाचाही बडी होण्याचा विचार पुढे आला नाही, कारण रक्त दिसत नव्हतं.

पुढच्या वर्षी शर्यतीची तयारी सुरू झाली तेव्हा आरएमओ साहेबांनी तीन संध्याकाळी आमचा वर्ग घेतला. पुतळे दोनच होते, बाकीच्यांनी गादीच्या वळकट्यांवर सराव केला. पाणी वाटणारा, ट्रॅफिक सांभाळणारा, मेडल मोजणारा, सगळ्यांना तो वर्ग सक्तीचा. मार्गावर दर चार-पाचशे मीटरला शिकलेली एक जोडी, शेवटच्या किलोमीटरला दोन. एक एईडी फिनिशला, एक मोटरसायकलवर. प्रत्येक धावपटूच्या बिबच्या मागे घरच्याचा फोन नंबर आणि चालू असलेली औषधं. आणि पाइप बँड फिनिश लाइनवरून उचलून सुरुवातीच्या ठिकाणी नेला. त्यावर थोडी कुरकुर झाली, पण सीओ साहेबांनी ऐकलं नाही.

त्या वर्षी कुणी पडलं नाही. मी त्याच वळणावर उभा होतो.

हे वाचणाऱ्यांना एकच विनंती आहे. पुढच्या शर्यतीचं नाव नोंदवाल तेव्हा टी-शर्टचा साइज विचारतात, तिथेच तुम्हीही तीन प्रश्न विचारा. एईडी किती आहेत आणि कुठे? शेवटच्या मैलात छाती दाबायला शिकलेलं कोण उभं असेल? आणि अ‍ॅम्ब्युलन्सला गर्दीतून बाहेर पडायला वाट आहे का? उत्तर मिळालं नाही तरी शर्यतीला जा. पण त्याआधी एक संध्याकाळ काढून छाती दाबायला शिका. तुमच्या पुढे धावणाऱ्या माणसाकडे तीन मिनिटं असतील, आणि त्या वेळी सगळ्यात जवळ तुम्ही असाल.